हिंगहमचे चाकरमानी

यंदा मे महिन्यात भाचा आणि भाचेसून आली, फणस काढायला अगदी वेळेवर. सून अमेरिकेची, मॅसॅच्युसेट्सची. मराठी बऱ्यापैकी येतं तिला, मला मामी म्हणते आणि अहोजाहो करते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते, तेव्हा ती पडवीत माझ्याजवळ येऊन बसली आणि पिशवीतून एक जाड फोल्डर काढला. म्हणाली, मामी तुम्ही जुने कागद वाचता ना, हे माझ्या आजीने जमवलेत, आमचं घर इंग्लंडमधून कुठून आलं ते यात आहे, पण पुढे लागत नाही.

जुने कागद मी वाचते हे खरं आहे. धाकट्या दिराच्या मुलाच्या जात पडताळणीच्या वेळी कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी काढायला लागल्या होत्या, त्या निघाल्या मोडीत, आणि वाचायला माणूस मिळेना म्हणून मी स्वतः मोडी शिकले. दोन वर्षं लागली. तेव्हापासून भावकीत कुणाचा फेरफार अडला, कुणाला पणजोबाचं नाव हवं असलं, की आमच्याकडे येतात. पण इंग्रजांची वंशावळ माझ्यापुढे पहिल्यांदाच आली, आणि मला ती इतकी लागली की पंधरा दिवस आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन त्याच्यावरच बसलो होतो, आणि ती गेल्यावरही माझं चालूच आहे. म्हणून हे लिहितेय.

फोल्डरमध्ये एक मोठा तक्ता होता. खाली ती, वर आजी, त्याच्यावर बारा-तेरा पिढ्या, आणि सगळ्यात वर १६३० नंतरच्या दहा वर्षांत सफोक परगण्यातून बोटीने गेलेला एक विणकर. सफोक म्हणजे इंग्लंडचा पूर्व किनारा, शेजारी नॉरफोक. अमेरिकेतल्या पिढ्यांचे कागद बरे होते, जमिनीची खतं, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदी, आजीने मेहनत घेतलेली दिसत होती. पण त्या विणकराच्या वर इंटरनेटवरून कुणीतरी एक इंग्लंडमधला बाप्तिस्मा जोडून दिला होता. नाव तेच, साल साधारण जुळणारं, झालं, लावून टाकला! आणि एकाने लावला की पन्नास जण कॉपी करतात, मग पन्नास ठिकाणी दिसतंय म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं.

मी तिला म्हटलं, बाय, आधी ती मूळ वही बघूया.

इंग्लंडचं एक भाग्य आहे. आठव्या हेन्रीच्या काळात १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. पुढे १५९८ पासून त्याची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायला लागले, त्यामुळे मूळ वही उंदरांनी खाल्ली तरी नक्कल कुठेतरी मिळते. (आपल्याकडे अशी दुसरी प्रत असती तर माझी दोन वर्षं वाचली असती.) बऱ्याच वह्यांचे फोटो आता घरबसल्या बघता येतात. पण अक्षर! त्या काळच्या त्या वळणाला सेक्रेटरी हँड म्हणतात. त्यात सी हे अक्षर आरसारखं दिसतं, ई उलटं वळलेलं, एचची शेपटी ओळीच्या खाली लोंबते, एस दोन तऱ्हेचे. वर काही पाद्री लॅटिनमध्ये लिहायचे, जॉन असेल तर जोहान्स. भाचेसुनेला तिच्याच भाषेतलं एक अक्षर लागेना. मला पहिल्या दिवशी लागलं नाही, पण मोडी वाचताना जे केलं तेच केलं, म्हणजे आधी जी नावं नक्की माहिती आहेत ती शोधायची, त्यातली अक्षरं वेगळ्या कागदावर काढून ठेवायची, आणि मग त्या कागदाशी ताडून बाकीचं वाचायचं. चौथ्या दिवशी मी ओळी वाचायला लागले.

आणि तिथेच तो बाप्तिस्मा सापडला, बरोबर त्या नावाचा, बापाचं नाव पण तक्त्यातलंच. मी पानं पुढे उलटत गेले, दफनाच्या नोंदी बघत. साडेतीन वर्षांनी तेच नाव, अमक्याचा मुलगा, दफन. बाप तोच. म्हणजे ज्याला पन्नास जणांनी अमेरिकेला पाठवला होता तो पोर चार वर्षांचाही झाला नव्हता.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, आजीला हे बाळ आपलं वाटायचं. मी चहा टाकायला उठले, दुसरं काय करणार.

संध्याकाळी तिला घेऊन खाडीवर गेले, धोपाव्याच्या धक्क्यावर, पलीकडे दाभोळ. फेरीबोट येत-जात होती. तिथे बसून मी तिला आमच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली, कारण माझ्या डोक्यात तोपर्यंत एक गोष्ट पक्की व्हायला लागली होती.

सासरे मुंबईला गेले ते बोटीने, दाभोळ बंदरातून, वय पंधरा-सोळा असेल. गिरणीत लागले. पण ते काही एकटे उठून गेले नव्हते. आमच्या वाडीची लालबागला एक खोली होती, गावकीची, सगळ्यांनी मिळून भाडं भरायचं. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, अर्धी दिवसपाळीला, अर्धी रातपाळीला, एकाची वळकटी उचलली की तिथे दुसऱ्याची पडायची. सासऱ्यांना नेलं त्यांच्या चुलतमामाने, गिरणीत चिकटवलं शेजारच्या घरच्या जॉबरने, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाने, आणि पैसे गावाला आणायचे खालच्या वाडीतले एक जण. आता समजा शंभर वर्षांनी कुणी मुंबईच्या कागदात सासऱ्यांचं नाव शोधायला लागला, तर त्या नावाचे पाचशे मिळतील. पण त्या खोलीतल्या पाच-सहा जणांची नावं एकत्र घेऊन कोकणात आला, तर ती पाच-सहा आडनावं एकाच देवळाच्या पालखीमागे सापडतील. दुसरीकडे सापडायचीच नाहीत. म्हणून मी तिला म्हटलं, तुझ्या विणकराला सोड आता, त्याचे शेजारी शोधूया. माणूस गाव सोडतो तेव्हा गावातली माणसं बरोबर घेऊनच सोडतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही, त्याचा नमुना मला हिंगहमच्या कागदांत मिळाला आणि तो मी सविस्तर सांगणार आहे, कारण त्यात एक फार मोठं नाव आहे.

नॉरफोकमध्ये हिंगहम नावाचं गाव आहे. तिथला पाद्री रॉबर्ट पेक, प्युरिटन विचारांचा, म्हणजे चर्चमधला थाटमाट, रेलिंगच्या आतली उंच वेदी वगैरे नको म्हणणारा. तेव्हा राजा पहिला चार्ल्स, १६२९ ला त्याने पार्लमेंट बरखास्त केलं ते अकरा वर्षं बोलावलंच नाही, १६३३ ला विल्यम लॉड आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा मुख्य झाला आणि पुढे नॉर्विचला, म्हणजे नॉरफोकच्या मुख्य शहरात, मॅथ्यू रेन नावाचा कडक बिशप आला, त्यामुळे असल्या पाद्र्यांच्या मागे चौकश्या लागल्या. त्यात त्या भागाचा मुख्य धंदा कापडाचा आणि तो बसलेला. देवाचं आणि पोटाचं दोन्ही एकदम अडलं की माणूस निघतो. १६३० ला जॉन विन्थ्रॉप ११ जहाजं घेऊन गेला होता, तोही सफोकचाच, त्याच्यामागून पुढची दहा वर्षं रीघ लागली, साधारण २०,००० माणसं न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागात गेली. बहुतेक बायकापोरांसकट, घरदार विकून. माणशी पाच पौंडांच्या आसपास भाडं पडायचं, साध्या माणसाला ते भारी होतं. हिंगहमचे लोक १६३३ पासून जायला लागले, १६३५ ला तिकडच्या वस्तीचं नावच हिंगहम ठेवलं, आणि १६३८ ला पेक स्वतः डिलिजंट नावाच्या जहाजातून माणसं घेऊन गेला. तिकडचा टाउन क्लार्क डॅनिअल कुशिंग, म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णीच म्हणा, त्याने जुन्या हिंगहमकडून कोण कोण आलं, कुठल्या साली आलं, याची यादी लिहून ठेवली. अशी यादी आमच्या गावच्या कुणी ठेवली असती तर मी त्याच्या पाया पडले असते.

आता त्या लोकांत लिंकन आडनावाची माणसं होती. नव्या हिंगहममध्ये थॉमस लिंकन नावाचे एका वेळी चार जण होते! कागदात त्यांना ओळखायला धंदा लावलेला आहे, थॉमस विणकर, थॉमस गिरणीवाला, म्हणजे पिठाच्या गिरणीचा, थॉमस पिंपं करणारा आणि थॉमस शेतकरी. हे वाचल्यावर मी भाचेसुनेला आमच्या वाडीतले चार पांडुरंग सांगितले, वरच्या आळीचा, विहिरीवरचा, पोस्टातला आणि फणसाखालचा. ती खूप हसली, पण तिला मुद्दा कळला. नाव म्हणजे पुरावा नाही, नावाला चिकटलेलं जे काही आहे तो पुरावा.

विणकर थॉमसचा धाकटा भाऊ सॅम्युअल. जुन्या हिंगहमच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा १६२२ चा आहे. त्याच्या आज्याचं, रिचर्ड लिंकनचं, शेजारच्या स्वॉन्टन मॉर्ली गावात चांगलं चाललं होतं, पण त्याने चार लग्नं केली आणि मालमत्ता गेली शेवटच्या बायकोच्या मुलांकडे, थोरला मुलगा एडवर्ड जवळपास कोरडाच राहिला. त्या एडवर्डचा हा सॅम्युअल. जमीन असती तर कशाला विणकामाच्या उमेदवारीला गेला असता? १६३७ च्या एप्रिलमध्ये ग्रेट यार्मथ बंदरात जाणाऱ्यांच्या जबान्या घेतल्या त्यात फ्रान्सिस लॉज नावाचा नॉर्विचचा विणकर आहे, बायको, मुलगी आणि दोन नोकर, त्यातला एक नोकर सॅम्युअल लिंकॉर्न, वय १८. आडनाव चुकलेलं, वयही जुळत नाही, १६२२ चा असेल तर चौदा-पंधरा व्हायला हवं. नुसतं नाव आणि वय बघणाऱ्याने हा कागद बाजूला टाकला असता. पण मालक विणकर, नॉर्विच हिंगहमपासून जवळ, आणि हा उतरल्यावर राहतो कुठे, तर नव्या हिंगहमला, भावांजवळ. सगळं एकाच जागी येऊन बसतं.

या सॅम्युअलच्या सातव्या पिढीत अब्राहम लिंकन.

आणि खुद्द त्यांना हे माहिती नव्हतं! १८४८ साली ते अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत होते तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहममधूनच सॉलोमन लिंकन यांनी त्यांना पत्र लिहून घराण्याची चौकशी केली होती. त्यांनी उत्तर दिलं, पण आजोबा व्हर्जिनियाहून केंटकीला आले आणि त्याआधी घर पेनसिल्व्हेनियात होतं, याच्या वर त्यांना सांगता येईना. १८५९ ला स्वतःबद्दल थोडक्यात लिहून दिलं त्यातही असंच म्हणाले की न्यू इंग्लंडच्या त्या नावाच्या घराण्याशी नातं जुळवायचा प्रयत्न झाला पण मॉर्डेकाय, अब्राहम, सॉलोमन अशी नावं दोन्हीकडे आहेत यापलीकडे काही हाती आलं नाही. मला हे फार आवडलं. एवढा मोठा माणूस, नावं सारखी आहेत, समोरून पत्र आलंय, तरी पुरावा नाही म्हणून जोडून टाकलं नाही. तो दुवा त्यांच्या मृत्यूनंतर कागदांवरून लागला. मधला एक मॉर्डेकाय मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सीला आणि तिथून पेनसिल्व्हेनियाला गेला होता, आणि त्याचा मुलगा जॉन याने १७४८ साली न्यू जर्सीतली बापाची ३०० एकर जमीन विकली त्या खतात तो मॉर्डेकायचा मुलगा असं सरळ लिहिलेलं आहे. शेवटी जमिनीचा कागदच उपयोगी पडला. आपल्याकडे काय वेगळं आहे, सात-बारा आणि फेरफार बघितल्याशिवाय भावकीचं एक भांडण मिटत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या सगळ्या इंग्रजांपेक्षा लवकर कळली आणि ती सांगताना मला बरं वाटतं. भाचेसुनेच्या आजीने एका नोंदीवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं होतं. लग्न मे १६२१, पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६२१. म्हणजे लग्नाआधी तीन महिने मूल? आजीने ती मुलगी दुसऱ्या कुणाची असेल म्हणून सोडून दिली होती. पण तेव्हा इंग्लंडचं वर्ष १ जानेवारीला सुरू व्हायचंच नाही, २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे मे १६२१ आधी, आणि त्याच १६२१ चा फेब्रुवारी नऊ महिन्यांनी नंतर, आजच्या हिशोबाने तो फेब्रुवारी १६२२. मूल अगदी रीतसर लग्नानंतरचं. आम्हाला पाडव्याला वर्ष बदलायची सवय, शके लिहिलेला कागद असला की पौष-माघाला इंग्रजी साल एकाने पुढे धरायचं हे मी झोपेतही सांगीन, म्हणून मला त्यात काही विचित्र वाटलंच नाही. १७५२ साली इंग्रजांनी हे बदललं, आणि त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर आला. भाचेसुनेने ते प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं आणि मुलीचं नाव तक्त्यात लिहिलं. आजी असती तर, एवढंच म्हणाली.

मग आम्ही शेजाऱ्यांच्या मागे लागलो. विणकराला अमेरिकेत जी जमीन वाटून मिळाली तिच्या चारी बाजूंना कोण, त्याच्या लग्नाला, मृत्युपत्राला साक्षीदार कोण, मुलं पोरकी झाली तेव्हा सांभाळली कुणी. अशी नऊ नावं निघाली. त्यातली तीन आडनावं अगदी कमी आढळणारी होती, ती आम्ही सफोकच्या वह्यांत शोधली. आणि तिन्ही एकमेकांना लागून असलेल्या दोन गावांत सापडली, दोन मैलांच्या आत. तक्त्यातलं ते गाव, जिथे ते बाळ पुरलं, ते तिथून वीस मैलांवर राहिलं.

त्या दोनातल्या एका गावात आमच्या विणकराचं आडनाव आहे. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा अजून मिळालेला नाही, वहीची काही पानं ओल लागून गेलीत. पण तिथे मागे राहिलेली भावंडं दिसतात. १६६२ पासून १६८९ पर्यंत इंग्लंडमध्ये घरातल्या चुली मोजून कर घ्यायचे, एका चुलीला वर्षातून दोनदा एक एक शिलिंग, त्या यादीत हे आडनाव आहे, एक चूल. चुलीवर कर म्हटल्यावर मला एकदम आपलंच वाटलं, कारण आम्हीही वाडीत घरं किती असं कधी विचारत नाही, चुली किती असं विचारतो, आणि देवळाची वर्गणीही चुलीवरच निघते. मोठमोठी माणसं शंभर ठिकाणी सापडतात. एका चुलीचा माणूस असाच कुठेतरी कराच्या यादीत सापडतो. आता त्या आडनावाची मृत्युपत्रं बघतेय, कुठे एखाद्या काकाने समुद्रापलीकडच्या पुतण्याला दहा शिलिंग ठेवले असतील तर काम होईल.

जे एकटे गेले त्यांचं काय, असं ती विचारत होती. व्हर्जिनियाकडे जाणारे बरेच तसे, तरुण, बिनलग्नाचे, भाड्याला पैसे नाहीत म्हणून चार ते सात वर्षांच्या करारावर राबायचं, आणि त्यांचं भाडं भरणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन. त्यांचा माग काढणं फार कठीण, कारण मालकाचं नाव नीट लिहिलेलं आणि त्यांचं अर्धवट. मला यावर मॉरिशसची आठवण झाली. आपल्या रत्नागिरीकडची माणसं तिकडे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावरच गेली, आणि त्यांच्या वंशजांतले काही जण आज आपलं गाव शोधत कोकणात येतात. तिकडच्या नोंदवह्यांत माणसाला नंबर असायचा, बापाचं नाव, गाव, पण गाव लिहिलेलं तिकडच्या कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. लिंकनचा लिंकॉर्न झाला तसंच. कुणी असं गावाचं मोडकं नाव घेऊन दारात आलं तर त्याला परत पाठवू नका, दोन म्हाताऱ्या माणसांजवळ बसवा आणि ते नाव मोठ्याने चार वेळा म्हणायला सांगा.

जायच्या आदल्या दिवशी भाचेसून म्हणाली, मामी, तुमच्या त्या लालबागच्या खोलीची यादी कुठे आहे? मी गप्प झाले. इतके दिवस कुशिंगच्या यादीचं कौतुक करत होते आणि आमच्या खोलीची वही आहे की नाही हे मी कधी विचारलंच नव्हतं. दिराला फोन केला, त्याने मंडळाच्या जुन्या सेक्रेटरींच्या मुलाला केला. खोली केव्हाच गेली, तिथे आता टॉवर आहे, पण वही होती, पत्र्याच्या पेटीत, भजनाच्या टाळांखाली. गेल्या आठवड्यात एसटीने आली पार्सलने, मी फोटो काढून तिला पाठवले.

पहिलं पान फाटलंय. दुसऱ्यावर भाड्याचा हिशोब आहे, अकरा नावं एकाखाली एक, प्रत्येकापुढे आणे. सासरे सातवे. तिचा लगेच उलट मेसेज आला, मराठीत टाईप केलेला, सहावे आणि आठवे कोण, ते कुठल्या घरचे?